झेडची साखळी

मशीन आलं तेव्हा त्याच्यासोबत बिस्किटांचा एक पत्र्याचा डबाही आला. डब्यात जुन्या ड्राइव्हची (मोटरीला हवी तेवढीच वीज देणाऱ्या यंत्रणेची) तीन कार्डं, दोन काळे पडलेले थायरिस्टर, कुठल्यातरी कनेक्टरच्या सुट्या पिना आणि तळाला उंदराच्या लेंड्या. विकणारा म्हणाला, "सगळं पूर्ण आहे साहेब. जोडायचं आणि चालू करायचं." जुनं मशीन विकणारा माणूस याहून वेगळं काही बोलल्याचं मी अजून ऐकलेलं नाही.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमचं छोटं वर्कशॉप आहे. दोन लेथ, एक रेडियल ड्रिल, एक साधं मिलिंग, आणि त्यावर पंपाची केसिंग नि ब्रॅकेटचं जॉबवर्क. नवं सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारं मशीन, झेपणारं नव्हतं, म्हणून बंद पडलेल्या एका कारखान्यातून १९८६ सालचं युरोपियन व्हर्टिकल मिलिंग उचललं. लोखंडात खोट नव्हती. स्लाइडवर स्क्रेपिंगच्या खुणा अजून दिसत होत्या, टेबल सरकवणाऱ्या बॉलस्क्रूमध्ये हाताला लागेल असा खेळ नव्हता. मेलं होतं ते इलेक्ट्रॉनिक्स. एक्स, वाय आणि झेड अशा हालचालीच्या तीन अ‍ॅक्सिसना तीन डीसी सर्व्हो मोटरी (वेग आणि जागा नेमकी सांभाळणाऱ्या) होत्या, कार्बन ब्रशवाल्या, उचलताना कंबर सांभाळावी अशा.

भेटेल त्याने एकच सल्ला दिला: मोटरी भंगारात घाल, एसी सर्व्हो बसव. सल्ला चुकीचा नव्हता. पण नव्या मोटरीचा फ्लँज वेगळा, शाफ्ट वेगळा, कपलिंग वेगळं. म्हणजे बॉलस्क्रूच्या टोकाशी खेळ करायचा, आणि तिथे हात लावायला मन होईना. शिवाय तीन अ‍ॅक्सिसचे संच घ्यायचे तर मशीनला मोजले तेवढेच पैसे पुन्हा मोजावे लागणार होते. डीसी मोटरीचं एक मला आवडतंही. करंट दुप्पट केला की टॉर्क दुप्पट होतो, व्होल्टेज वाढवलं की वेग वाढतो. इतका सरळ प्राणी इलेक्ट्रिकलच्या जगात दुसरा नाही.

ड्राइव्ह निवडण्याआधी मोटरी तपासल्या. मेगर, म्हणजे इन्सुलेशन मोजायचा मीटर, लावला तर एक्सच्या मोटरीचं इन्सुलेशन ०.३ मेगाओहम आलं. वाइंडिंग गेलं असं वाटून पोटात गोळा आला. पण रिवाइंडिंगवाल्याने ब्रशची झाकणं काढून आत हवेचा झोत मारला आणि काळी पूड अशी उडाली की त्याचा पांढरा बनियन काजळला. तीस-पस्तीस वर्षांच्या ब्रशची झीज आत साठली होती, आणि कार्बन वीज वाहून नेतो. साफ केल्यावर आकडा २० मेगाओहमच्या वर गेला. त्याने एक ताकीद दिली: रोटर बाहेर ओढायचा नाही. जुन्या काही मोटरींत अल्निकोचे चुंबक असतात आणि रोटर बाहेर काढला की त्यांचा जोर कायमचा कमी होतो. आपल्या मोटरीत कुठले आहेत ते माहीत नसेल तर हात आखडता घेतलेला बरा.

मग पाटी वाचली. १२० व्होल्ट, सलग ९ अँपिअर, १५०० आरपीएम. शाफ्ट शिकंज्यात आवळून ६ व्होल्ट दिले, करंट ६ अँपिअर आला. म्हणजे आर्मेचरचा रेझिस्टन्स साधारण १ ओहम. हे मल्टिमीटरने मोजू नये. ब्रश आणि कॉम्युटेटर यांच्यामधली पापुद्र्याएवढी काजळीसुद्धा मीटरला फसवते, आणि दर वेळी वेगळा आकडा येतो. एका ओहमचा अर्थ असा की मोटर अडकली आणि पूर्ण १२० व्होल्ट मिळाले, तर १२० अँपिअर ओढणार. उलटं फिरवायचं झालं तर त्याहून वाईट, कारण त्या क्षणी मोटरीचा स्वतःचा बॅक-ईएमएफ (फिरताना तिच्यात तयार होणारं व्होल्टेज) पुरवठ्याच्या व्होल्टेजमध्ये मिळतो आणि आकडा दुपटीकडे सरकतो. एवढा करंट एकदा जरी गेला तरी चुंबक कमजोर होतात. तर ड्राइव्हकडून करंट द्यायची ताकद हवी, आणि त्याहून जास्त, न द्यायची.

हे गणित मी नंतर केलं. आधी भाच्याने केलेला प्रयोग सांगतो. तो इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होता आणि त्याच्या मते सगळ्या गोष्टी ऑनलाइन साडेसातशे रुपयांत मिळतात. त्याने हातभर तारा लावलेला मोटर दोन्ही दिशांना फिरवणारा एक एच-ब्रिज बोर्ड आणला, बोर्डावर लिहिलेलं ४३ अँपिअर. "मामा, आपल्याला नऊच पाहिजेत. चौपटीहून जास्त आहे हे." मोटर टेबलाला शिकंजे मारून बांधली, २४ व्होल्ट दिले, फिरली. भाच्याने विजयी मुद्रेने दिशा उलटी केली. टप्प असा छोटासा आवाज झाला, अगदी भुईमुगाची शेंग फोडल्यासारखा, आणि मग तो वास. ज्याने एकदा घेतला तो विसरत नाही. करंट ४० अँपिअरच्या वर गेला असणार. बोर्डावरचा आकडा आतल्या सिलिकॉनचा होता, तोही थंड असताना. अंगठ्याएवढ्या हीटसिंकला तो माहीतच नव्हता.

आमच्याकडे अण्णा आहेत. चाळीस वर्षं लेथवर काढलेली, आता फक्त अवघड काम आलं की मशीनला हात लावतात. त्यांचं म्हणणं, "आरं, कंपनीनं घातलेला ड्राइव्ह हाय तो दुरुस्त कर की. त्यास्नी काय कळत नव्हतं व्हय?" मला पटलं आणि त्यात दोन महिने गेले. जुना ड्राइव्ह थायरिस्टरचा. थायरिस्टर हा इलेक्ट्रॉनिक स्विच एकदा चालू झाला की स्वतःहून बंद होत नाही, एसीची लाट शून्यावर येईपर्यंत वाट बघतो. त्यामुळे ५० हर्ट्झच्या थ्री-फेज लाइनवर अशा ड्राइव्हला सेकंदाला तीनशेच वेळा मत बदलता येतं. वीज भराभर चालू-बंद करून मोजणाऱ्या नव्या पीडब्ल्यूएम ड्राइव्हला तेच वीस हजार वेळा येतं. मोटरीत जाणारा करंटही थायरिस्टरमधून खडबडीत येतो; ती ओळखीची गुणगुण त्याचीच, आणि मोटर जास्त तापते तीही त्यामुळेच. दुरुस्त करणाऱ्याने एक कार्ड जिवंत केलं, दुसरं केलं, तिसरं करताना पहिलं मेलं. अण्णांनी त्यानंतर या विषयावर बोलणं सोडलं.

आता खरी निवड सुरू झाली. ट्रेडमिलचे किंवा पापड लाटायच्या यंत्राचे डीसी कंट्रोलर स्वस्त मिळतात आणि ९० व्होल्टच्या मोटरीला चालतातही, पण ते एका दिशेला फक्त ढकलतात. ओढत नाहीत, रोखत नाहीत. वेग कमी करायचा म्हणजे पुरवठा कमी करून मोटर आपोआप मंदावायची वाट बघायची. पट्ट्यावर माणूस चालवायला ठीक, जागेवर टेबल थांबवायला निरुपयोगी. त्यांना लगेच बाद केलं.

दुसरी जात पल्स आणि दिशा घेणाऱ्या सर्व्हो ड्राइव्हची. अमेरिकेतला गेको जी३२०एक्स हा त्यातला नावाजलेला: ८० व्होल्ट, २० अँपिअर, एन्कोडर (शाफ्ट किती फिरला ते मोजणारा) थेट ड्राइव्हलाच जोडायचा. हा मला बराच काळ मोहात पाडत होता. मोटर १२० व्होल्टची असली तरी ८० वर ती हजार आरपीएमच्या आसपास फिरते, आणि १० मिलिमीटर पिचच्या (एका फेऱ्यात तेवढं सरकवणाऱ्या) बॉलस्क्रूवर हजार आरपीएम म्हणजे मिनिटाला १० मीटर. आमच्या कामाला तेवढा रॅपिड, म्हणजे न कापता नुसतं धावायचा वेग, पुरेसा. पण यात पोझिशनचा लूप, म्हणजे जागा मोजून चूक सुधारायचं चक्र, ड्राइव्हच्या आत बंद होतो. कंट्रोलर, म्हणजे प्रोग्रॅम चालवणारा संगणक, सांगतो आणि मान फिरवतो. टेबल खरंच कुठे आहे हे त्याला दिसत नाही. शिवाय आमच्या मोटरींच्या शेपटीला टॅकोजनरेटर होते, वेगाचा निर्मळ सिग्नल देणारे, आणि ते या ड्राइव्हवर वाया जाणार होते. लग्नात आलेली चांदीची भांडी माळ्यावर ठेवून स्टीलमध्ये जेवण्यासारखं वाटलं.

तिसरी जात जुन्या पद्धतीच्या अ‍ॅनालॉग अँप्लिफायरची. बाहेरून उणे १० ते अधिक १० व्होल्टचा सिग्नल द्यायचा. तेवढ्या प्रमाणात तो वेग देतो, टॅको वाचून. आत करंटचा लूप, त्याच्या बाहेर वेगाचा लूप, आणि सगळ्यात बाहेर पोझिशनचा लूप कंट्रोलरमध्ये. मूळ मशीनची रचनाही हीच होती. कंट्रोलर म्हणून लिनक्ससीएनसी आणि मेसाचं ७आय७७ कार्ड घेतलं, ज्यात सहा अ‍ॅनालॉग आउटपुट आणि सहा एन्कोडर इनपुट आहेत. लिनक्ससीएनसी फुकट आहे, अमेरिकेतल्या सरकारी मानक संस्थेतल्या प्रकल्पातून निघालेलं, आणि पडद्यावर तीन अ‍ॅक्सिसची चूक मायक्रॉनमध्ये रेघ काढून दाखवतं. ती रेघ बघायची एकदा सवय लागली की आंधळा ड्राइव्ह पुन्हा नको वाटतो.

अँप्लिफायर जुने घेतले, तीन अधिक एक राखीव. सलग २५ अँपिअर, क्षणभर ५०, १२५ व्होल्टपर्यंत चालणारे, १३५ला स्वतःहून बंद होणारे. मोटर ९ अँपिअरची आणि ड्राइव्ह २५चा, हा भाच्याच्या हिशेबाचाच प्रकार नाही का? नाही. यात करंटची मर्यादा स्क्रूने लावता येते. मी शिखर २५ला आणि सलग ९ला बांधून टाकलं. ड्राइव्ह कायम अर्ध्या ताकदीवर काम करतो, हीटसिंक कोमट राहतो, आणि मोटरीला हवं तेवढंच मिळतं.

पॉवर सप्लायचं सांगायला हवं, कारण पुढच्या गोंधळाचं मूळ तिथे आहे. तयार एसएमपीएस (संगणकात असतो तसला स्विचिंग सप्लाय) घ्यायचा विचार आधीच सोडला होता. मोटर ब्रेक मारते तेव्हा ती जनरेटर होते आणि वीज उलटी सप्लायमध्ये ढकलते. एसएमपीएस ते बघून घाबरतो आणि बंद पडतो. हे मी वाचलं होतं. म्हणून ट्रान्सफॉर्मर वाइंड करून घेतला, ७० व्होल्ट सेकंडरी, त्यापुढे ब्रिज रेक्टिफायर आणि १०,००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. डीसी ९८-९९ व्होल्ट. रात्री लाइन २५० ला जाते तेव्हा १०७, तरीही ड्राइव्हच्या मर्यादेत. परत येणारी ऊर्जा कपॅसिटर पोटात घेईल, असं मी डायरीत लिहून ठेवलेलं आहे. खाली रेघसुद्धा मारली आहे.

ट्रान्सफॉर्मर तयार व्हायला वेळ होता, म्हणून चाचण्या ट्रकच्या बॅटऱ्यांवर केल्या. आधी २४ व्होल्ट, मग उसन्या आणून सहा बॅटऱ्या, ७२ व्होल्ट. पहिल्याच दिवशी एक्सची मोटर जोडली, एनेबल दिलं आणि ती कमांड नसताना सुसाट सुटली. टॅकोच्या दोन तारा उलट लागल्या होत्या. ड्राइव्हला वाटलं मोटर उलटी फिरतेय, त्याने जास्त जोर लावला, ती आणखी पळाली, त्याला वाटलं आणखी उलटी. मोटर टेबलाला बांधलेली होती आणि २४ व्होल्टच होते म्हणून हसण्यावारी गेलं. टेबलाला जोडलेली असती तर लिमिट स्विच, स्टॉपर आणि बहुधा बॉलस्क्रूचं नट गेलं असतं. तारा बदलल्या आणि मोटर अशी शांत उभी राहिली की हाताने शाफ्ट पिळायचा प्रयत्न केला तर सूतभर हलेना. भाचा म्हणाला, "मामा, ही आता ऐकते."

बॅटऱ्यांवर सगळं सुरेख चाललं. पुढे, मागे, दणकन ब्रेक, पुन्हा पुढे. एकदाही ड्राइव्ह ट्रिप झाला नाही. मला वाटलं माझं डिझाइन चांगलं आहे. चांगल्या होत्या त्या बॅटऱ्या. ब्रेक मारताना परत आलेली वीज त्या निमूट गिळत होत्या, चार्ज होत होत्या. माझी सगळी चूक त्यांनी पोटात घातली आणि मला कळूसुद्धा दिलं नाही.

मशीनवर बसवल्यावर महिनाभर एन्कोडरने छळलं. २५०० पल्सचे एन्कोडर, चारपट करून दहा हजार, म्हणजे १० मिलिमीटर पिचवर एक काउंट एक मायक्रॉनचा. कागदावर छान. प्रत्यक्षात तासाभरात एक्स ३० मायक्रॉन सरकलेला असायचा. मी आधी घेतलेले एन्कोडर एकेरी आउटपुटचे होते आणि त्यांच्या तारा मोटरीच्या तारांसोबत एकाच पाइपातून गेल्या होत्या. पीडब्ल्यूएमचा प्रत्येक टोला त्यांना लागत होता. डिफरन्शियल आउटपुटचे, म्हणजे प्रत्येक सिग्नल सुलट-उलट असा दोन तारांतून देणारे, घेतले, तारा वेगळ्या नेल्या, शिल्ड एकाच टोकाला अर्थ केली. थांबलं. याच्यावर पानंच्या पानं लिहिता येतील, पण ती ज्याने भोगली त्याला पाठ असतात आणि ज्याला भोगायची आहेत तो वाचून सुधारत नाही.

झेड सगळ्यात शेवटी घेतला. झेड म्हणजे उभा अ‍ॅक्सिस, स्पिंडलसकट पूर्ण हेड वर-खाली नेणारा. वजन १८० किलोच्या आसपास. बॉलस्क्रू घासत नाही, गोळ्यांवर फिरतो. साधा आट्याचा स्क्रू वजन धरून ठेवतो, बॉलस्क्रू सोडला की ओझ्याने उलटा फिरतो. म्हणून झेडच्या मोटरीला २४ व्होल्टचा ब्रेक असतो: वीज गेली की स्प्रिंगने आवळतो. तो मी जोडला, पॅनेलच्या कंट्रोल सप्लायवर. मशीन चालू की ब्रेक मोकळा, मशीन बंद की आवळलेला. तपासून पाहिलं, बरोबर.

हळू जॉगवर, म्हणजे हाताने बटण दाबून, झेड वर गेला, खाली आला. मिनिटाला अर्धा मीटर. वीस वेळा केलं. मग प्रोग्रॅममध्ये पहिला रॅपिड दिला, मिनिटाला सहा मीटर, खाली.

हेड निघालं. अर्धा सेकंदही झाला नसेल, ड्राइव्हचा लाल दिवा लागला, आणि हेड थांबायच्या ऐवजी आणखी जोरात निघालं. विमान उतरताना इंजिन जसं किंचाळतं तसा मोटरीचा आवाज चढत गेला. मग धप्प. टेबलावर अण्णांनी ठेवलेला बाभळीचा ठोकळा होता. ते कुठल्याही हेडखाली काम करण्याआधी लाकूड ठेवतात. कधीतरी तरुणपणी त्यांचं बोट असंच गेलंय, करंगळीचं पेर नाही त्यांना. कार्बाइडचा एंडमिल ठोकळ्यात घुसून तीन तुकडे झाला, ठोकळा उभा चिरला. हेड घसरलं ते चार-पाच बोटंच. ठोकळा नसता तर टूल टेबलात गेलं असतं.

कोणी काही बोललं नाही. पॅनेलवरचा व्होल्टमीटर १४० दाखवत होता आणि काटा सावकाश खाली येत होता. ९९ व्होल्टच्या सप्लायवर १४०.

त्या रात्री वहीत गणित मांडलं. १८० किलो, सेकंदाला १० सेंटिमीटरने खाली येतंय: १७५ वॅट. घर्षणात काही जाईल, मोटरीच्या तांब्यात थोडं जाईल, तरी शंभर वॅट सतत सप्लायमध्ये परत येणार. माझ्या कपॅसिटरला ९९ वरून १३५ व्होल्टवर जायला फक्त ४० जूल लागतात. शंभर वॅटला त्याला ०.४ सेकंद. ड्राइव्ह १३५ला बंद झाला, जसं त्याने व्हायला हवं होतं. तो बंद झाला म्हणजे मोटरीला धरणारं कोणी उरलं नाही. आणि ब्रेक? ब्रेक कंट्रोल सप्लायवर होता. मशीन चालूच होतं, त्यामुळे ब्रेक मोकळाच होता.

हळू जॉगवर का झालं नाही तेही त्याच पानावर निघालं. अर्ध्या मीटरच्या वेगाला परत येणारी ताकद १५ वॅट, आणि हेड नुसतं धरून ठेवायला लागणारा ४ अँपिअर करंट मोटरीच्या एका ओहममध्ये १६ वॅट जाळतो. जमा-खर्च जागेवर मिटत होता. मी वीस वेळा तपासलं ते नेमकं जिथे काही दिसणारच नव्हतं तिथे.

मग एक्स आणि वायचाही हिशेब केला, आणि इथे मला खरा धक्का बसला. जॉबसकट टेबल ६०० किलोचं, मिनिटाला १० मीटरने धावतंय. माझ्या डोक्यात होतं की थांबवायची ती ऊर्जा या ६०० किलोंची. ती भरली ८ जूल. मोटरीचा रोटर, जो हातात मावेल एवढा, पण हजार आरपीएमवर फिरणारा, त्याची भरली २७. टेबल थांबवताना मी खरं तर टेबल थांबवतच नव्हतो, रोटर थांबवत होतो. एक्स आणि वाय एकदम थांबले तर सत्तरएक जूल. झेडशिवायही माझा कपॅसिटर अपुरा होता. इतके दिवस ट्रिप झालं नव्हतं ते अ‍ॅक्सिलरेशन भीतीपोटी कमी ठेवलं होतं म्हणून.

महिनोन्महिने मी सगळ्यांना विचारत होतो की किती अँपिअरचा ड्राइव्ह घेऊ. एकानेही उलटा प्रश्न विचारला नाही, की थांबवताना येणारी वीज ठेवणार कुठे. मलाही सुचला नाही. लिफ्ट आणि क्रेनचे व्हीएफडी (एसी मोटरीचे ड्राइव्ह) बसवणाऱ्या कुठल्याही वायरमनला हे पाठ असतं. त्यांच्या पॅनेलच्या डोक्यावर जाळीच्या पेटीत जो रेझिस्टर बसवलेला असतो तो शोभेचा नसतो.

तर तो बसवला. बस, म्हणजे सप्लायची डीसी लाइन, १२२ व्होल्टला गेली की एक मॉसफेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) १० ओहमचा वायरवाउंड रेझिस्टर मध्ये घालतो, ११७ ला काढून घेतो. चालू असताना १२ अँपिअर, जवळपास दीड किलोवॅट, पण क्षणभरच. सरासरीला २०० वॅटचा रेझिस्टर पुरतो. हे सर्किट मी घरी बनवलं आणि बनवताना एकच पथ्य पाळलं: तो मॉसफेट अडकला तर रेझिस्टर लालभडक होईल, म्हणून त्याच्या अंगावर थर्मोस्टॅट बसवला आणि थर्मोस्टॅट मुख्य कॉन्टॅक्टरच्या कॉइलमध्ये घातला, म्हणजे तापला की वीजच तुटते.

ब्रेकची जोडणी बदलली. आता ब्रेक मोकळा राहायला ड्राइव्हने "मी तयार आहे" म्हणावं लागतं, आणि इमर्जन्सी स्विचही त्याच साखळीत आहे. ड्राइव्ह काहीही कारणाने रुसला की रिले सुटतो, ब्रेक आवळतो. हे मी कागदावर नाही तपासलं. हेड वर नेलं, खाली नवा ठोकळा ठेवला, आणि हेड उतरत असताना ड्राइव्हचा फ्यूज भाच्याला ओढायला लावला. हेड अर्धा बोट सरकलं आणि थांबलं. आणखी दहा वेळा ओढला.

हे सगळं झाल्यावर अण्णा एक दिवस कॉलमच्या मागचं झाकण काढून ग्रीस लावत होते. आत, अगदी वर, दोन साखळीचक्रं. त्यांनी हाताने फिरवून दाखवली. "मशीन आलं तवाच तेल दिलंय मी ह्यास्नी. गुळगुळीत फिरत्यात."

"पण त्यांच्यावर साखळी कुठाय अण्णा?"

ते थोडा वेळ चक्रांकडे बघत राहिले. मीही. चार महिन्यांत ती चक्रं आम्ही दोघांनी किमान दहा वेळा पाहिली असतील. मशीन बनवणाऱ्याने कॉलमच्या पोटात हेडच्या तोलाचं वजन साखळीने टांगलेलं होतं. हेड खाली की वजन वर. मूळ ड्राइव्हला १८० किलो कधी उचलावे लागलेच नव्हते आणि कधी रोखावेही लागले नव्हते. मशीन उचलताना हलकं व्हावं म्हणून कोणीतरी ते काढलं आणि ओतीव लोखंड म्हणून किलोच्या भावाने विकलं, एवढाच निष्कर्ष निघतो. डब्यात पिना होत्या, थायरिस्टर होते, लेंड्या होत्या. दीड क्विंटलचं वजन नव्हतं. "सगळं पूर्ण आहे साहेब."

शिरोलीच्या ओळखीच्या फाउंड्रीतून १६५ किलोचा ठोकळा ओतून घेतला. हेडपेक्षा थोडा हलका, म्हणजे बॉलस्क्रूवर एकाच बाजूने दाब राहतो. दुहेरी साखळी घातली. झेड उभा धरायला आधी ४ अँपिअर लागायचे, आता अर्ध्या अँपिअरच्या आत. मोटरीला हात लावला तर गार. खाली येताना बसचा काटा हलतो न हलतो. रेझिस्टर उरला तो रोटर थांबवण्यापुरता. तो नको झाला असं मात्र नाही. अ‍ॅक्सिलरेशन मी आता पूर्ण वाढवलंय, आणि एक्स-वाय कोपऱ्यात वळतात तेव्हा चॉपरचा, म्हणजे त्या रेझिस्टरच्या सर्किटचा, हिरवा दिवा दर वेळी लुकलुकतो.

गेल्या पावसाळ्यात गल्लीतलाच एक जण आला. त्यानेही तसलंच मशीन घेतलंय, मोटरी थोड्या मोठ्या. बसलाही नाही, उभ्याउभ्याच विचारलं, "दादा, ड्राइव्ह किती अँपिअरचा घालू?"

मी म्हटलं, "झेडची साखळी हाय का जागेवर?"

"साखळी व्हय? होती की. लई आवाज करत हुती म्हणून काढून ठेवलीया."